मेडियाला सगळं कळत होतं, तरी तिनं ते केलं? विकार, विवेक आणि ग्रीक तत्त्वज्ञ

विस्मया

युरिपिडिसचं 'मेडिया' इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत झालं आणि तीन नाटककारांत त्याचा नंबर तिसरा लागला. ज्या जेसनसाठी मेडियानं माहेर तोडलं, सख्ख्या भावाचा जीव घेतला, तोच जेसन कॉरिंथच्या राजकन्येशी लग्न लावतो. त्याला जन्माची अद्दल घडवायची म्हणून मेडिया आपल्याच दोन पोरांना मारायचं ठरवते. त्याआधी ती जे म्हणते (ओळी १०७८-७९) त्याचा अर्थ असा: मी केवढं भयंकर करायला निघालेय ते मला कळतंय, पण माझ्या विचारांवर माझा संताप भारी पडतोय.

या दोन ओळींवर ग्रीक तत्त्वज्ञ पुढची सहा शतकं वाद घालत होते. प्रश्न साधा आहे. रागाच्या भरात माणसाला 'हे चूक आहे' असं खरोखर कळत असतं का?

सॉक्रेटिस म्हणतो, नाही. प्लेटोच्या 'प्रोटागोरस'मध्ये तो सांगतो की ज्ञान म्हणजे कोणीही फरफटत न्यावा असा गुलाम आहे असं लोकांना वाटतं: कधी राग नेतो, कधी सुख, कधी भीती. त्याला हे अजिबात मान्य नाही. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान दिसते, तसं समोरचं सुख मोठं दिसतं आणि उद्याचं नुकसान लहान. मोजण्यात चूक होते, म्हणून माणूस घसरतो. नीट मोजता आलं असतं तर घसरला नसता.

प्लेटोला पुढे हे पुरेसं वाटलं नाही. 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात त्यानं जिवाचे तीन अंश केले: विवेक, मानी आणि चिडणारा अंश, आणि भूक-तहान-वासना. मग मेडिया सोपी होते. एक अंश जाणतो, दुसरा ऐकत नाही.

आणि स्टोइक पंथाचे तत्त्वज्ञ, त्यातही क्रिसिप्पस (इ.स.पू. तिसरं शतक) म्हणतो की जीव अखंड आहे. विकार हा विवेकाचा शत्रू नाही, तो विवेकानंच दिलेला चुकीचा निकाल आहे. 'माझं वाईट झालं' आणि 'याचा सूड घेणंच रास्त' या दोन गोष्टींना आपण आतून होकार देतो, तो होकार म्हणजेच राग. दिल्यानंतर मात्र तो आवरत नाही. चालणारा मनात आलं की थांबतो, धावणाऱ्याचे पाय थांब म्हटलं तरी पुढे जातात, हा त्याचाच दाखला.

मला क्रिसिप्पस पटतो. राग हे माझ्या आत बांधलेलं वेगळं जनावर असेल, तर मी आयुष्यभर त्याच्याकडे बोट दाखवत राहीन. तो माझाच निकाल असेल, तर मला तो तपासता येतो. खरंच माझा अपमान झाला का? झाला असेल तर तो एवढा मोठा आहे का? तुम्हाला काय वाटतं? प्लेटोच्या बाजूचे लोकही लिहा, मला त्यांचं ऐकायचं आहे.


अण्णा_सोलापूरकर

विषय उत्तम. पण जनावराला एवढ्या लवकर बाहेर काढू नका. 'फीड्रस'मध्ये प्लेटोनं जीव म्हणजे रथ म्हटलंय, सारथी आणि दोन घोडे. आपल्याकडे कठोपनिषदात हाच रथ आहे: शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. दोन्हीकडच्या जाणत्यांना तेच दिसलं, त्यात काहीतरी तथ्य असणारच.


जुनाट_पेन

अण्णा, रथ दोन्हीकडे आहे, पण आत बसलेली मंडळी वेगळी आहेत. कठोपनिषदात सारथ्याखेरीज एक रथी आहे, तो आत्मा. घोडे म्हणजे इंद्रियं, ती काही आत्म्याचा भाग नाहीत. प्लेटोच्या रथात मागे बसलेला मालक कोणी नाही. सारथीही जीवच आणि घोडेही जीवच. आपल्याला लाज वाटेल अशी वासनासुद्धा 'मी'च्या आत आहे, बाहेरून चिकटलेली नाही. म्हणून प्लेटो वाचताना अंगावर येतो.

ते घोडेही एकदा बघा. पांढरा उमदा आहे, नुसत्या शब्दावर चालतो. काळा वेडावाकडा, चपट्या नाकाचा, डोळे रक्ताळलेले, चाबूक आणि पराणी दोन्ही मिळून जेमतेम ऐकणारा. आवडती व्यक्ती दिसली की तो झेप घेतो. सारथी लगाम इतका मागे खेचतो की दोन्ही घोडे बुडावर बसतात, काळ्याची जीभ आणि जबडा रक्तानं भरतो. असं पुन्हा पुन्हा घडल्यावर तो नमतो. चुकीचा निकाल असा लगामानं दुरुस्त होतो का, विस्मया? निकालाला समजूत पुरते. इथे समजूत पुरत नाही म्हणून तर लगाम आहे.


चिंचोके

वाचतोय. 'रिपब्लिक'मध्ये एक प्रेतं बघणारा माणूस आहे ना? त्याची गोष्ट कोणीतरी सांगा, ती याच वादातली आहे असं आठवतं.


जुनाट_पेन

बरोब्बर, चिंचोके. तीच प्लेटोची मुख्य साक्ष.

लिओंटियस नावाचा माणूस पिरियस बंदराकडून अथेन्सला वर येतोय, उत्तरेकडच्या तटाच्या बाहेरच्या अंगानं. वाटेत जल्लादाजवळ प्रेतं पडलेली दिसतात. बघावंसं वाटतं आणि किळसही येते. तो थोडा वेळ झगडतो, तोंड झाकून घेतो. शेवटी राहवत नाही, डोळे फाडून प्रेतांकडे धावतो आणि स्वतःच्या डोळ्यांना म्हणतो, घ्या मेल्यांनो, पोटभर बघून घ्या हे सुंदर दृश्य!

बघण्यासारखं काय आहे? त्याला राग आलाय, आणि तो दुसऱ्या कोणावर नाही, स्वतःच्याच हावेवर. म्हणजे राग वेगळा, हाव वेगळी, आणि राग बहुतेकदा विवेकाच्या बाजूनं उभा राहतो. एकच अखंड विवेक स्वतःशी असा भांडेल कसा?


विस्मया

याचं स्टोइकांनी दिलेलं उत्तर ग्रीक लेखक प्लुटार्कनं नोंदवून ठेवलंय, तेही त्यांच्यावर टीका करताना. ते म्हणतात की दोन पक्ष नसतात. एकच विवेक इकडून तिकडे वळतो, आणि ते इतक्या झपाट्यानं होतं की आपल्याला दोन जण भांडताहेत असा भास होतो. लिओंटियसच्या बाबतीत मला हे पटण्याजोगं वाटतं. तोंड झाकलं तेव्हा 'बघू नये' हा निकाल होता, धावला तेव्हा 'बघतोच' हा.


घाटवळण

मी तत्त्वज्ञानातला नव्हे. आयुष्य एसटी चालवण्यात गेलं, त्यातला बराचसा काळ कोकणातल्या घाटांत. एवढंच सांगतो. उतारावर वळणात समोरून कोणी आपल्या बाजूला घुसला की आधी ब्रेकवर पाय जातो, हॉर्नवर हात जातो, छातीत धस्स होतं. त्या वेळी कसला निकाल नि कसला होकार? विचार करायला वेळच नसतो. तो गेल्यावर, गाडी सरळ झाल्यावर, मग शिवी येते. आणि ती शिवी दिली की पुढचे चार-पाच किलोमीटर गाडी वाईट चालते, हे मी स्वतःचंही पाहिलं आणि दुसऱ्यांचंही. नव्या पोरांना मी शिकवायचो, धस्स होणारच, त्याला काही करू नका. शिवीला आवरा.

तुमच्या क्रिसिप्पसच्या हिशेबात ते धस्स कुठे बसतं?


विस्मया

घाटवळण काका, या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न तुम्ही विचारलात, आणि याचं उत्तर एका वादळातल्या जहाजावर मिळतं.

ऑलस जेलियस हा रोमन लेखक कॅसिओपाहून ब्रुंडिसियमला जहाजानं निघाला होता. रात्री वादळ आलं. जहाजावर अथेन्समधला एक नावाजलेला स्टोइक गुरू होता. जेलियस मुद्दाम त्याच्याकडे बघत राहिला, हा तरी शांत आहे का म्हणून. तो इतरांसारखा रडत-ओरडत नव्हता, पण चेहरा मात्र तितकाच पांढराफटक. वादळ शमल्यावर आशियातल्या एका श्रीमंत ग्रीकानं त्याला डिवचलं, तुम्ही तत्त्वज्ञ, आणि तुम्हीच घाबरलात? पुढे जेलियसनं एकांतात आदरानं तेच विचारलं तेव्हा त्यानं पिशवीतून स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दाखवला.

त्यात म्हटलं होतं की मोठा आवाज झाला, अचानक संकट कोसळलं, की शहाणा माणूसही क्षणभर हलतो, त्याचाही रंग उडतो. हे मनावर आपोआप उमटतं, आपल्या हातात नसतं. विकार इथे नाही. 'हे खरोखर भयंकर आहे' या म्हणण्याला आपण होकार दिला की विकार सुरू होतो. शहाणा तो होकार देत नाही, अडाणी लगेच देतो.

धस्स होणं आणि शिवी देणं यांत तुम्ही घाटात जी रेघ मारलीत, ती हीच.


घाटवळण

मग पटलं. होकार हा शब्द लक्षात ठेवतो.


केतकी_नाशिक

मी ॲरिस्टॉटलच्या बाजूनं भांडायला आले आहे, कारण त्याला इथे कोणी विचारतच नाही.

'निकोमाखियन एथिक्स'च्या सातव्या भागात तो सॉक्रेटिसचं म्हणणं समोर ठेवतो आणि म्हणतो की हे तर उघड दिसणाऱ्या गोष्टींच्या विरुद्ध जातंय. मग तो 'कळणं' याचेच प्रकार करतो. झोपलेल्या, वेड लागलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाकडे ज्ञान असतं आणि नसतंही. दारुडा एम्पेडोक्लिस या तत्त्वज्ञ-कवीच्या ओळी घडाघडा म्हणेल, पण त्या क्षणी त्या त्याच्या कामाच्या नाहीत. संतापलेला माणूस 'मला कळतंय हे वाईट आहे' म्हणतो तेव्हा तो असाच बोलत असतो. मेडियाला हे लावून बघा. तिची ओळ खोटी नाही, पण ते ज्ञान तिच्या हातात उरलेलं नाही.

दुसरं, आणि मला यापेक्षा महत्त्वाचं वाटणारं. ॲरिस्टॉटल विकार उपटून टाकायला सांगत नाही. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी, योग्य तितका आणि योग्य तितकाच वेळ राग येणं हा त्याच्या मते सद्गुण आहे. जिथे चिडायला हवं तिथे न चिडणारा, आपला आणि आपल्या माणसांचा अपमान गिळून बसणारा माणूस त्याला लाचार वाटतो. मी शाळेत शिकवते. वर्गात एखाद्या मुलीला जातीवरून कोणी बोललं आणि शिक्षिकेला राग आला नाही, तर ती शिक्षिका शांत आहे असं मी म्हणणार नाही. तिला दिसलंच नाही असं म्हणेन. राग हे बघण्याचंच एक साधन आहे. स्टोइक ते काढून घेतात.

शिवाय तो आणखी एक फरक करतो, तो वाचल्यापासून मी माणसांकडे वेगळ्या नजरेनं बघते. वाईट इच्छा होते पण जो ती दाबतो तो संयमी, आणि ज्याला ती इच्छाच होत नाही तो खरा सद्गुणी. अण्णांच्या रथात लगाम खेचणारा सारथी फार तर संयमी आहे. ॲरिस्टॉटलला घोडेच शिकलेले हवेत, आणि ते सवयीनं शिकतात, रोजच्या कृतीतून. दगड दहा हजार वेळा वर फेकला तरी त्याला वर जायची सवय लागत नाही, माणसाला लागते.


तिरफळ

वाद रंगलाय, तोवर क्रिसिप्पसचे दोन किस्से, तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजेनिस लेर्टियसकडून. एक: त्यानं 'मेडिया'मधून इतके उतारे घेतले होते की त्याचं पुस्तक हातात असलेल्या एकाला काय वाचतोयस असं विचारल्यावर तो म्हणाला, क्रिसिप्पसची मेडिया! दोन: म्हातारपणी त्याच्या गाढवानं अंजिरं खाल्ली. 'आता त्याला वरून निखळ वाईनही पाजा' असं म्हणून तो इतका हसला की हसता हसता गेला. दुसऱ्या एका हकिगतीत मरणाचं कारण वेगळं आहे, पण मला गाढवाची आवडते. त्याच्या नावावर सातशेहून जास्त ग्रंथ सांगतात आणि एकही पूर्ण उरलेला नाही. विकारांवरचं त्याचं म्हणणं आपल्याला मुख्यतः त्याच्या विरोधकांनी दिलेल्या उताऱ्यांतून मिळतं, हे या धाग्यावर लक्षात ठेवायला हवं.


पाणपोई

केतकी, तुमचा वर्गातला दाखला मनाला लागला. पण ॲरिस्टॉटलवर एवढा जीव टाकण्याआधी त्याचं 'पॉलिटिक्स' उघडा. पहिल्याच भागात तो म्हणतो की गुलामाच्या जिवात सारासार विचार करणारा अंश अजिबात नाही, बाईमध्ये तो आहे पण त्याचा अधिकार चालत नाही, मुलामध्ये आहे पण अपुरा. जिवाचे असे तुकडे करून कोणी हुकूम द्यायचा आणि कोणी झेलायचा हे ठरवलं की घरात आणि गावात कोणी कोणावर राज्य करायचं तेही त्यातूनच निघतं. माझा या सगळ्या वाटणीवरच आक्षेप आहे.

उलट स्टोइकांकडे बघा. एपिक्टेटस स्वतः गुलाम होता. त्याचा गुरू मुसोनियस रुफस सांगतो की सद्गुण बाईला आणि पुरुषाला एकच आहे, तेव्हा मुलींनाही तत्त्वज्ञान शिकवा. विवेक अखंड मानला की तो प्रत्येकात अखंडच मानावा लागतो.


केतकी_नाशिक

पाणपोई, 'पॉलिटिक्स'मधला तो भाग मला ठाऊक आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण स्टोइकांनी तरी गुलामगिरी मोडा असं कुठे म्हटलंय? सगळ्यांत विवेक सारखा म्हणायचं आणि बाजारात माणसं विकली जाताना 'ही बाहेरची गोष्ट, चांगलीही नाही नि वाईटही नाही' म्हणायचं, हेही मला तितकंच सलतं. तिथे त्यांना थोडा राग यायला हवा होता.


पाणपोई

हे मान्य. पूर्ण मान्य.


गारगोटी

मी समुपदेशक आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिसनं जी उपचारपद्धती मांडली तिच्या मुळाशी एपिक्टेटसचं वाक्य आहे: माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनांबद्दलचे त्याचे समज करतात. एलिसनं हे ऋण उघडपणे मान्य केलं होतं. मराठीत कि. मो. फडके यांनी ही पद्धत रुजवली, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांनी स्टोइक विचार त्याचं नाव न कळता वाचलेला आहे.

कामाच्या अनुभवातून एक सांगते. रडत असलेल्या माणसाला 'तुझा समज चुकीचा आहे' म्हटलं तर तो उठून जातो, आणि बरोबर करतो. क्रिसिप्पसला हे ठाऊक होतं. ओरिजेन या ख्रिस्ती लेखकानं त्याचं मत दिलंय की विकार पेटलेला असताना आधी त्याच्यावर उपाय करावा. समोरचा सुखालाच सर्वोच्च मानत असला तरी त्या वेळी त्याच्या तत्त्वाशी भांडू नये, त्याच तत्त्वाच्या आधारानं त्याला सावरावं. पुस्तकातल्या रुक्ष तर्कवाद्यापेक्षा हा माणूस फार वेगळा दिसतो.


दर्यावर्दी

थोडं बाजूला जातो. जीव छातीत की डोक्यात, यावरही मारामारी होती. आवाज छातीतून येतो, बोलणं विचारातून येतं, म्हणून विचार हृदयात, असं स्टोइक म्हणत. गेलन या वैद्यानं (जन्म इ.स. १२९) रोममध्ये लोकांसमोर डुकराच्या गळ्यातल्या बारीक मज्जातंतूंना दोरा आवळून दाखवला. आवळला की ओरडणं बंद, सैल केला की पुन्हा सुरू. आवाजाची सूत्रं मेंदूकडून येतात हे सगळ्यांनी पाहिलं. त्या बळावर गेलननं क्रिसिप्पसला झोडपून प्लेटोचे तीन अंश मेंदू, हृदय आणि यकृत असे वाटून दिले.

आणि सुखालाच सर्वोच्च मानणाऱ्या एपिक्युरसवाल्यांना विसरू नका. त्यांच्यातल्या फिलोडेमसचा रागावरचा ग्रंथ व्हेसुव्हियसच्या उद्रेकात (इ.स. ७९) गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये कोळसा झालेल्या गुंडाळीत सापडला. तो म्हणतो, स्वाभाविक राग वेगळा, पोकळ राग वेगळा. पहिला थोडक्यात आटपतो, दुसऱ्याला सूड घेण्यात चव लागते. केतकीताईंना हा शेजारी आवडेल.


सुमेधा

मी इथे क्वचित लिहिते. माझा प्रश्न रागाबद्दल नाही.

आई गेली तेव्हा तिच्या चष्म्याचं घर बरेच महिने फ्रिजवरच होतं, हलवायची हिंमत होत नव्हती. नुसतं दिसलं तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर पडायचे. आता ते माझ्या कपाटात आहे आणि मी त्यात सुया ठेवते. आई जाणं हे माझ्यासाठी वाईट झालं, हे माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे, तसूभर बदललेलं नाही. मग दुःख कमी कसं झालं? दुःख म्हणजे मतच असेल तर मत असेतोवर ते तेवढंच राहायला हवं होतं.

विस्मया, तुझ्याकडे याचं उत्तर आहे का? मी वाद म्हणून विचारत नाहीये.


जुनाट_पेन

सुमेधाताई, तुमचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी पोसिडोनियसनं विचारला होता. तो स्वतः स्टोइक, अपामियाचा, ऱ्होड्स बेटावर शिकवायचा. गेलननं त्याचं म्हणणं जपून ठेवलंय. आपल्यावर वाईट प्रसंग आलाय हे मत तसंच असताना काळानं दुःख ओसरतं, तेव्हा आत मताखेरीज दुसरंही काही असलं पाहिजे, जे रडून रडून थकतं, ज्याचं पोट भरतं. विवेकाला अशी भूकही नसते नि तृप्तीही नसते. त्याचा दुसरा मुद्दा, लहान मुलं आणि जनावरं. क्रिसिप्पसच्या मते त्यांना विवेक नाही म्हणून खरे विकारही नाहीत. पोसिडोनियस म्हणतो, जरा डोळे उघडून बघा! म्हणून तो प्लेटोकडे परतला. आणि हे ओसरणं कठीण कोडं आहे हे खुद्द क्रिसिप्पसनंही लिहून ठेवलं होतं.

माझ्या मते वाद इथेच संपतो. घोडा आहे. तो दमतो.


विस्मया

सुमेधा, तुझी पोस्ट वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

जुनाट_पेन यांचं म्हणणं जोरकस आहे, पण वाद इथे संपतो असं मला वाटत नाही. क्रिसिप्पसच्या हिशेबात दुःखाला दोन होकार लागतात. एक, हे वाईट झालं. दुसरा, याच्यासाठी मी आता असं कोसळणं रास्त आहे, देणं आहे. रोमन लेखक सिसेरो सांगतो की सांत्वनाला गेलेल्यानं काय करावं यावर स्टोइकांतच मतभेद होते. क्रिसिप्पसचा गुरू क्लिअँथिस याच्या मते झालं ते मुळात वाईटच नाही हे पटवावं. क्रिसिप्पसच्या मते मुख्य काम वेगळं: शोक करणं हे आपलं कर्तव्य आहे, ते आपण पार पाडतोय, हा जो रडणाऱ्याचा समज असतो तो अलगद काढावा.

तुझं पहिलं मत तसंच राहिलं. दुसरं हळूहळू सुटलं असेल का? आता त्या घरात सुया ठेवणं म्हणजे आईशी बेइमानी नव्हे, असं केव्हातरी आतून ठरलं असेल. मला हे शक्य वाटतं, आणि नुसतं 'घोडा दमला' यापेक्षा ते तुझ्या आईच्या आणि तुझ्या जास्त जवळचं वाटतं. दमण्यात तुझा काहीच वाटा नसतो. इथे असतो.


सुमेधा

बेइमानी हा शब्द बरोबर आहे. घर उचललं त्या दिवशी तेच वाटत होतं आणि तरी उचललं. पण मी काही ठरवलं असं नाही गं. एक दिवस सुई हातात होती आणि ठेवायला जागा हवी होती. तुझं म्हणणं अर्धं पटलं, अर्धं जुनाट_पेन यांचं. दोघांचेही आभार.


अण्णा_सोलापूरकर

आता मूळ प्रश्नाकडे यायचं का? मेडियाला कळत होतं की नाही?


केतकी_नाशिक

मी या निमित्तानं तिचं पूर्ण स्वगत पुन्हा वाचलं, ओळ १०२१ पासून. त्या दोन ओळी सुट्या काढल्या की सगळं बिघडतं.

मुलं समोर उभी आहेत. ती म्हणते, तुमची लग्नं बघायला, मांडव सजवायला मी नसेन. उगाच वाढवलं मी तुम्हाला. मुलं हसतात आणि ती कोसळते: नाही होणार माझ्याच्यानं, जाऊ दे तो बेत, नेते मी यांना माझ्याबरोबर. लगेच उलटते: शत्रूंना मोकळं सोडून मी हसं करून घेऊ? पुन्हा मागे, पुन्हा पुढे. मुलांना जवळ घेते, त्यांची मऊ कातडी आणि गोड श्वास यांबद्दल बोलते, आणि मग म्हणते, जा, आत जा, मला आता तुमच्याकडे बघवत नाही. त्यानंतर त्या दोन ओळी येतात. (१०५६ ते १०८० या ओळी युरिपिडिसच्या नाहीत असं मानणारे संपादकही आहेत, पण रंगभूमीवर त्या पिढ्यानपिढ्या आहेत.)

मला इथे दोन घोडे दिसले नाहीत. दिसली एकच बाई, जी प्रत्येक वळणावर कारण देते. तिच्या संतापालाही युक्तिवाद आहे: शत्रूंनी हसता कामा नये. ॲरिस्टॉटलची वकील असूनही हे विस्मयाच्या पारड्यात टाकते. फक्त कारण देताना तिच्याकडे 'कळणं' उरलेलं नाही, हे माझं म्हणणं कायम.


जुनाट_पेन

केतकी, 'मला आता तुमच्याकडे बघवत नाही' हे कोण म्हणतंय? युक्तिवाद जिंकलेला विवेक मुलांकडे बघू शकला असता. माझं मत प्लेटोलाच.


विस्मया

एपिक्टेटसनं प्रवचनांच्या पहिल्या भागात याच मेडियावर लिहिलंय. तो म्हणतो की नवऱ्याचा सूड घेणं मुलं वाचवण्यापेक्षा जास्त लाभाचं आहे असं तिला वाटलं. ती फसली होती. ती फसली आहे हे तिला नीट दाखवा, मग ती तसं करणार नाही. जोवर दाखवलं नाही तोवर तिला जे दिसलं त्यामागे जाण्याखेरीज ती दुसरं काय करणार होती? मग तिच्यावर का चिडता? आंधळ्या-लंगड्याची कीव करता, तशी हिची का नाही करत?

अण्णा, माझं उत्तर हेच आहे. तिला 'हे भयंकर आहे' इतकं कळत होतं. 'सूडापेक्षा मुलं मोठी' हे त्या क्षणी कळत नव्हतं. आणि अख्ख्या नाटकात तिला ते दाखवायचा नीट प्रयत्न कोरसमधल्या (नाटकातल्या गाणाऱ्या समूहातल्या) बायकांखेरीज कोणी केला नाही. जेसननं तर नाहीच नाही.


घाटवळण

जेसनबद्दल सहमत. हे नाटक मराठीत वाचायला कुठे मिळेल? नातीला विचारलं तर ती म्हणते इंग्रजीत आहे, मी वाचून सांगते. रविवारी ती येतेय. कोरसच्या बायका काय बोलतात ते तिच्याकडून ऐकून इथे लिहीन.